मेश वायफाय रोज दुपारी तुटतंय? अजून एक नोड घ्यायच्या आधी हे करून बघा

आमच्या भुसावळच्या घरी तीन नोडचं मेश (एकमेकांना जोडलेले वायफायचे तीन डबे, एकेक डबा म्हणजे नोड) बसवलं, दिवाळी ते होळी एकदम मस्त चाललं, आणि मार्च संपता संपता रोजची कटकट सुरू झाली. दुपारी एक-दीड वाजला की मागच्या खोलीतलं नेट गायब, पाच मिनिटांनी परत यायचं, परत थोड्या वेळाने गायब. लहान भाऊ घरून काम करतो, त्याची मीटिंग मधेच गोठायची, आणि खालून आई आवाज द्यायची, "अरे भाऊ, ते नेट चाली नई ऱ्हायनं." घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की अजून एक नोड आण, दुकानदारही तेच म्हणाला. मी आणला नाही. पंधरा दिवस वही घेऊन नीट शोधलं, आणि जे सापडलं त्यावर चौथ्या नोडचा काडीचा उपयोग झाला नसता. तेच सगळं इथे लिहितोय, कारण आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला उन्हाळ्यात हा त्रास खूप घरांत आहे आणि लोक विनाकारण पैसे घालवतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "नेट तुटतंय" म्हणजे नेमकं काय तुटतंय? खांबावरून फायबर घरात येते, ती ओएनटीच्या (फायबरमधल्या उजेडाचं नेट करणाऱ्या, कंपनीने दिलेल्या) डब्यात जाते, तिथून मेशच्या मेन नोडला, मेन नोडकडून हवेतून दुसऱ्या नोडला, आणि दुसऱ्या नोडकडून तुमच्या मोबाईलला. ही साखळी आहे, आणि कुठलीही एक कडी सुटली तरी मोबाईलवर दिसतं एकच, गोल गोल फिरणारं चक्र. म्हणून आधी कडी शोधायची, मग हात लावायचा. लोक उलटं करतात, आधी सगळं रीसेट मारतात, आणि जो काही पुरावा होता तोही पुसून टाकतात. रीसेटचं बटण चार दिवस विसरा.

पहिलं काम, वही. तीन-चार दिवस फक्त लिहा: किती वाजता गेलं, किती वेळ गेलं, कुठल्या खोलीत गेलं, बाकीच्या खोलीत चालू होतं का, लाईट गेली-आली होती का, आणि मोबाईलवर वायफायचं चिन्ह तसंच राहिलं की चिन्हच गेलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. चिन्ह गेलं म्हणजे मोबाईल आणि नोडमधलं नातं तुटलं किंवा नोडच बंद पडला. चिन्ह फुल आहे पण काही उघडत नाही म्हणजे मोबाईल-नोड ठीक, भानगड त्याच्या मागे कुठेतरी. आणि सगळ्या घरात एकाच वेळी जात असेल तर मागच्या नोडला बोल लावू नका, ते मेन नोड, ओएनटी किंवा बाहेरची लाईन यापैकी काहीतरी आहे. वेळेतही गंमत असते. घड्याळ लावल्यासारखं दर तासाला किंवा रोज ठरल्या वेळी जात असेल तर आयपी पत्त्याची मुदत, लॉगिनचं सेशन किंवा राऊटरमधलं ऑटो रीबूटचं शेड्यूल असं काहीतरी नियमाने चालणारं कारण असतं. फक्त दुपारी जात असेल तर गरमी किंवा वीज. रात्री नऊ ते अकरा हळू होत असेल पण तुटत नसेल तर बहुतेक गर्दी, तुमच्या गल्लीतली किंवा कंपनीच्या लाईनवरची.

आता पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघणं. हे एवढं सोपं आहे तरी कोणी करत नाही. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, एक नाही तीन खिडक्या. प्रत्येकीत इंग्रजी अक्षरात पिंग लिहायचं, स्पेस, मग पत्ता, मग स्पेस देऊन डॅश टी. पहिल्या खिडकीत दुसऱ्या नोडचा आयपी पत्ता (मेशच्या अ‍ॅपमध्ये त्या नोडवर टॅप केलं की दिसतो), दुसरीत मेन नोडचा पत्ता, जो बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो, आणि तिसरीत ८.८.८.८, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा) आहे. डॅश टी लावलं की विंडोजमध्ये पिंग आपण कंट्रोल सी दाबेपर्यंत चालूच राहतं. ज्या खोलीत त्रास आहे तिथे लॅपटॉप ठेवा, दुसऱ्याच नोडला जोडलाय ना ते अ‍ॅपमध्ये बघून घ्या, तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावा आणि आपलं काम करत बसा.

नेट गेलं की लगेच बघायचं कुठल्या खिडकीत रिक्वेस्ट टाइम्ड आऊट येतंय. तिन्हीत आलं तर लॅपटॉप ते दुसरा नोड ही कडी गेली किंवा तो नोडच बंद पडला. पहिली चालू आणि बाकी दोन बंद, म्हणजे दोन नोडमधला दुवा तुटला, याला बॅकहॉल म्हणतात आणि मेशमध्ये सगळ्यात जास्त रोग इथेच असतो. पहिल्या दोन चालू आणि फक्त ८.८.८.८ बंद, म्हणजे तुमचं वायफाय निर्दोष आहे, मेन नोडच्या पलीकडे ओएनटी किंवा लाईनमध्ये बघा. आणि तिन्ही मस्त चालू पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही, तर डीएनएस बदलून बघा, मेन नोडच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून. फक्त बंद-चालू नका बघू, मिलिसेकंदचा आकडाही बघा. माझ्याकडे मेन नोडला ४-५ मिलिसेकंद यायचे ते तुटायच्या आधी २००-३०० वर जायचे, असं हेलकावे खात तुटणं म्हणजे कमजोर सिग्नल. एका झटक्यात कुऱ्हाड मारल्यासारखं तुटलं आणि दोन-चार मिनिटांनी परत जसंच्या तसं आलं, तर तो डबा रीबूट झाला.

हे रीबूटचं खात्रीने कळण्यासाठी अपटाईम बघायचा. मेन नोडच्या सेटिंगमध्ये, ओएनटीच्या पेजवर, आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये प्रत्येक नोडचा, किती वेळापासून सलग चालू आहे ते लिहिलेलं असतं. बारा दिवस दिसलं तर डबा बंद पडलेला नाही. चाळीस मिनिटं दिसलं आणि तुम्ही तर हात लावला नाही, तर तो स्वतःच बंद पडून उठलाय, मग कारण दोनच, गरमी नाहीतर वीज (क्वचित बिघडलेलं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणून अपडेट असेल तर एकदा करून टाका, पण रात्री करा आणि मधे लाईट जाणार नाही अशा वेळी करा).

माझ्याकडे मेन नोडचा अपटाईम सतरा दिवस आणि मागच्या नोडचा पन्नास मिनिटं. तिथेच अर्धं काम झालं.

मागचा नोड कुठे होता? माळ्यावर. बसवताना वाटलं उंच ठेवला की सिग्नल चांगला पसरेल, शिवाय पोरांचा हात लागणार नाही. वर पत्रे. एप्रिलमध्ये दुपारी शिडी लावून चढलो आणि नोडला हात लावला तर चटका बसला, अक्षरशः तव्यावरून हात काढल्यासारखा काढला. आता हे बघा, बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालायचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आपल्याकडे भुसावळ-जळगावला एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो तो बाहेर सावलीत मोजलेला. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून किती जास्त असेल ते तिथे एक मिनिट उभं राहिल्यावर समजतं. डबा त्यात स्वतःची गरमी टाकतो. मग चिप आधी हळू होते, मग हँग नाहीतर रीबूट, आणि उठल्यावर परत तेच. नोड खाली आणून जाळीच्या स्टुलावर ठेवला, साधारण छातीच्या उंचीवर, चारी बाजूंनी हवा लागेल असा, आणि दुपारचं बंद पडणं त्या दिवसापासून थांबलं. ओएनटीलाही हेच लागू आहे, खूप घरांत तो मीटरच्या पेटीत नाहीतर टीव्हीच्या शोकेसमध्ये काच लावून कोंडलेला असतो, वर सेटटॉप बॉक्स, त्यावर विणलेला रुमाल. रुमाल काढा, काच उघडी ठेवा. आणि कूलरची ओली हवा थेट डब्यावर मारू नका, थंड होतो पण दमटपणाने पिना गंजतात.

रीबूट थांबलं तरी मागच्या खोलीत हेलकावे चालूच होते, ते दोनशे-तीनशे मिलिसेकंद. अपटाईम वाढत चाललेला, तरी अधूनमधून तुटायचं. इथे मी चार दिवस चॅनल बदलत बसलो, फायदा शून्य. मग वहीत बघितलं की हे मुळात सुरू कधी झालं, आणि तारीख निघाली होळीनंतरच्या रविवारची. त्या दिवशी काय केलं होतं आम्ही? खिडकीत कूलर बसवला होता.

तुम्हाला माहितीच आहे, होळी झाली की खानदेशात घरोघरी कूलर खाली उतरतो, धुऊन पुसून, नवीन गवत भरून खिडकीत बसतो. आमचा जुना पत्र्याचा, मोठा. आमच्या घराचा पुढचा भाग जुना आहे, भिंती दीड-दीड फुटाच्या, आणि मेन नोड त्या भागात. मागच्या खोलीकडे सिग्नल जायला खरी वाट एकच होती, मधल्या चौकात उघडणारी ती खिडकी. त्याच खिडकीत आम्ही चारी बाजूंनी पत्रा आणि आत पन्नास लिटर पाणी असलेली पेटी बसवली. पत्रा वायफायच्या लहरी परत फेकतो, पाणी त्या गिळतं, म्हणजे दोन नोडच्या मधे मी स्वतःच्या हाताने भिंत बांधली होती. अ‍ॅपमध्ये मागच्या नोडचा सिग्नल मायनस ७८ डीबीएम दिसत होता. भावाला म्हटलं धर एका बाजूने, दोघांनी कूलर ओढून अंगणात घेतला, आणि दोन मिनिटांत आकडा मायनस ६३ झाला. कूलर परत लावला, परत ७८.

हा आकडा कसा वाचायचा ते सांगतो. मायनसमध्ये असतो म्हणून जितका शून्याच्या जवळ तितका चांगला. दोन नोडमध्ये मायनस ५० ते ६५ असेल तर उत्तम, ७० ला काठावर आलात, ७५ च्या पुढे तुटणारच. दर ३ डीबीएमला ताकद निम्मी होते, म्हणजे ६३ चं ७८ होणं म्हणजे सिग्नल साधारण तिसाव्या हिश्श्यावर येणं. म्हणून दुसरा नोड जिथे नेट येत नाही त्या खोलीत ठेवायचा नसतो, मेन नोड आणि त्या खोलीच्या मधोमध ठेवायचा असतो, जिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळेल. ही चूक दहापैकी आठ घरांत बघितली मी. नोड तहानलेला असेल तर तो दुसऱ्याला काय पाणी पाजणार.

मधे काय काय येतं तेही बघा: लोखंडी कपाट, आरशाचं ड्रेसिंग टेबल, फ्रीज, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, जिन्याखालची पाण्याची टाकी, आरसीसीचा स्लॅब. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या जाड भिंतीत तर दोन भिंतींनंतर काही उरत नाही. नोड कपाटावर ठेवू नका, त्याच्या पुढे ठेवा, आणि दारं-खिडक्यांच्या रेषेत ठेवा.

विजेचं

कमी व्होल्टेजला लोक उगाच दोष देतात. राऊटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज १८० झालं तरी त्याला तसं काही वाटत नाही. त्रास होतो तो लाईट जाऊन इन्व्हर्टर घेईपर्यंत जो क्षणभराचा झटका बसतो त्याचा. पंखा फिरतच राहतो, बल्ब लुकलुकतो, पण डबा बंद होऊन परत उठायला दोन-चार मिनिटं घेतो, आणि मेन नोड उठेपर्यंत बाकीचे नोड त्याला शोधत बसतात. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, त्यात बदली लवकर होते. नाहीतर १२ व्होल्टचा छोटा राऊटर यूपीएस घ्या, पण घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवा, ९ व्होल्टच्या डब्याला १२ दिले तर तो गेला, आणि २ अँपिअर लागणाऱ्याला १ दिला तर चालू होईल पण लोड आला की बसेल. ओएनटी आणि मेन नोड दोघांनाही लागेल, एकालाच लावून उपयोग नाही. जुना अडॅप्टर हाही छुपा आजार आहे, तीन-चार उन्हाळे काढलेला अडॅप्टर बदलून बघायला फार खर्च येत नाही. आणि कूलर किंवा मिक्सर ज्या एक्स्टेंशन बोर्डावर आहे त्यावर नोड लावू नका, सैल पिन थरथरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

लाईनमध्येच दोष असेल तर

ओएनटीवर पॉन नावाचा दिवा हिरवा स्थिर हवा, आणि लॉस नावाचा दिवा लाल लुकलुकला तर फायबरमधून उजेडच येत नाहीये, मग घरातलं काही करून उपयोग नाही, थेट तक्रार. लाल नाही पण तुटतं, तर ओएनटीच्या पेजवर आरएक्स पॉवर (फायबरमधून किती उजेड पोचतोय तो आकडा) बघा, मायनस १५ ते २४ च्या आसपास बरं, मायनस २७ च्या पलीकडे गेलं की हवा आली तरी तुटेल. बरेचदा कारण घरातच असतं, फायबर दाराच्या फटीत दाबली गेलेली, कपाटामागे काटकोनात वळलेली, किंवा उंदराने कुरतडलेली. वेटोळं मोठं ठेवा, हाताच्या पंजाएवढं तरी. टोक हिरवं असेल तर हिरव्या जोडातच जातं, निळ्यात नाही. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका, वहीतल्या तारखा-वेळा, आरएक्स पॉवर आणि पिंगचा फोटो द्या, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे दोन पायऱ्या आहेत, आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे नीट झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. हे दुसरं बहुतेकांना माहीतच नसतं.

दोन राऊटर एकमेकांत भांडतात ते

कंपनीचा डबा पण राऊटर असतो आणि तुमचा मेन नोड पण राऊटर, दोघंही घरात पत्ते वाटायला बसले की गेम अडकतात, व्हिडिओ कॉल मधेच जातात, प्रिंटर सापडत नाही. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर तर विचारूच नका. यावर दोन रस्ते: कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकून घ्यायचं (मग तो पत्ते वाटत नाही, नुसती लाईन पुढे देतो), किंवा मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (मग मेश नुसतं वायफाय पसरवतं). दुसरं सोपं, अ‍ॅपमध्ये एक बटण असतं. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफायही बंद करा, नाहीतर मोबाईल कधी याला कधी त्याला चिकटतो आणि आपण मेशला शिव्या घालतो.

चॅनलबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यापैकीच एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ, बस. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात, राऊटरला रडारची शंका आली की तो चॅनल सोडतो आणि नवीन चॅनलवर जायच्या आधी मिनिटभर नुसतं ऐकत बसू शकतो, तेवढ्यात तुमची मीटिंग गेली. १६० मेगाहर्ट्झ रुंदी निवडली की हे चॅनल येतातच, म्हणून ८० ठेवा आणि ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ वापरा. जुने कॅमेरे, स्मार्ट बल्ब सारखे सुटत असतील तर फास्ट रोमिंग (एका नोडवरून दुसऱ्यावर पटकन नेणारी सोय) बंद करून बघा आणि पासवर्डची पद्धत डब्ल्यूपीए २ ठेवा, खूप जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए ३ समजत नाही.

शेवटी मी केलं काय? कूलर तर काढता येणार नव्हता, आई म्हणाली नेट गेलं चुलीत, मे महिन्यात कूलर हलणार नाही, आणि ती बरोबरच होती. म्हणून वायर टाकली. मेन नोडपासून मागच्या नोडपर्यंत अठरा मीटर कॅट ६, दोन्ही टोकं लॅन पोर्टमध्ये, अ‍ॅपमध्ये बॅकहॉल वायर्ड झालं आणि पिंग १ मिलिसेकंदवर येऊन बसला. या वायरला १०० मीटरपर्यंत अडचण नाही. घेताना शुद्ध तांब्याची मागा, स्वस्त वायरीत आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर नुसता तांब्याचा मुलामा असतो, चाकूने तार खरवडली की आत पांढरं दिसतं. गच्चीवरून किंवा चौकातून नेणार असाल तर पीव्हीसी पाईपातूनच न्या, आपल्या उन्हात घरातल्या वायरीचं आवरण दोन उन्हाळ्यांत तडकतं. जॅक मारल्यावर लिंक स्पीड बघा, १००० च्या जागी १०० दिसलं तर आठपैकी एखादी तार नीट बसली नाही, परत मारून घ्या. आणि त्याच दोन डब्यांमध्ये दोन वायरी चुकूनही लावू नका, लूप होऊन सगळं घरच बंद पडू शकतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी माहेरी आल्या, सोबत पोरं, दाजी, अ‍ॅपमध्ये बावीस मोबाईल-टीव्ही दिसत होते. दुपारी तीन वाजता, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, कूलर फुल, मी मागच्या खोलीत पिंगच्या तिन्ही खिडक्या उघडून बसलो होतो. साडेचारपर्यंत एकही टाइम्ड आऊट नाही. वहीत त्या तारखेसमोर तेवढंच लिहिलंय.